राखन्यावर राखन्या

ठकूमावशी शेळी इकत घ्यायला जायची ती दिवस उगवायच्या आदी. इकनाऱ्याच्या दारात जाऊन गुडघं पोटाशी घिऊन बसायची. राम राम न्हाई, किंमत न्हाई, काय न्हाई. घरधनी चूळ भरायला भाईर आला की दचकायचा.

"आगं ठकूबाई, कवा आलीस?"

"तुजी शेळी पानी प्यायच्या आदी आले."

त्याचं कारन असं, की इकायची शेळी असली की मानसं तिला सकाळी मीठ घातल्यालं पीठ चारत्यात. मंग ती बादलीभर पानी पिती. पोट टम्म व्हतं. गिऱ्हाईक आलं की त्याला वाटतं, काय जनावर हाय! ठकूमावशी म्हनायची, "भरल्या पोटानं समदीच शेरडं गुबगुबीत. पानी पाजायच्या आदी बघावं."

हे मला ठावं नव्हतं आसं न्हाई. तरी मी एकदा बाजारातनं एक शेळी आनली. लई ऐटीत आनली, गळ्यात घुंगरू बांधून. गल्लीतनं मिरवली. रातभर ती मुतत व्हती आन् सकाळी दावनीला बघतो तर निम्मीच शेळी. मी ठकूमावशीला बोलवून दावली. तिनं पाठीवरनं हात फिरवला आन् म्हनाली, "बबन्या, तू शेळी न्हाई घेतली. घागर घेतली."

आमचं गाव नेरे. ठकूमावशी धनगराची, आमच्या घराच्या मागल्या अंगाला ऱ्हायची. आंगानं काटकी, हातात काठी, कमरंला पानाची चंची, आन् पायात तिच्या पोराचं जुनं कंपनीचं बूट. ते बूट दोन नंबर मोठं व्हतं. ती चालली की बूट आदी जायाचं आन् ती मागनं. टावर आलं, कंपौंडं आली, चरायला ऱ्हायलं न्हाई तरी तिनं शेरडं सोडली न्हाईत. दोन बिल्डिंगांच्या मधी जेवढं गवात उगवंल तेवढं तिचं रान. वाचमेन वरडायचा, "अम्मा, इधर बकरी मना है!" ती म्हनायची, "मना हाय तर गवात कशाला उगवू देतूस?"

माज्या बापानं लई वर्सांमागं तिला चार शेळ्या अर्धलीनं दिल्या व्हत्या. अर्धल म्हंजी शेळी धन्याची, राखनी दुसऱ्याची, आन् जी वाढ व्हईल ती निम्मी निम्मी. कागुद न्हाई, अंगठा न्हाई. पन त्याला कायदं व्हतं. शेळी रोगानं मेली तर राखन्यानं तिचा कान कापून धन्याला आनून दावायचा, म्हंजी इकून खाल्ली न्हाई हे कळतं. बिबट्यानं न्हेली तर जागा दावायची. आन् राखन्याच्या चुकीनं गेली, तर राखन्यानं आपल्या वाट्यातनं भरून द्याची.

एकदा आमच्या वाट्याचं एक करडू हिंजवडीच्या रस्त्याला कंपनीच्या गाडीखाली आलं. दुसऱ्या दिवशी ठकूमावशीनं आपलं सोताचं करडू आनून आमच्या दारात बांधलं. मी म्हनालो, "मावशे, र्‍हाऊ दे की. गाडीनं मारलं, तू काय केलंस?"

"गाडीनं मारलं व्हय. पन तवा मी कुटं व्हते? चंची सोडून बसले व्हते." आन् गेली.

आता माजं सांगतो. मी शाळंत गेलो न्हाई. मास्तर घरी आला व्हता न्ह्यायला, तर मी झाडावर चढलो, आन् मास्तरला झाडावर चढता येत नव्हतं. सही तेवढी येती. ती बी लिहीत न्हाई, चितार काढल्यागत काढतो. जमिनी मातूर बापानं लई ठिवल्या व्हत्या. पैल्या जमिनीची मी जीप घेतली. दुसऱ्या जमिनीचं जीपला डिझेल घातलं. तिसरीत पोरीचं लगीन केलं, त्यात तीन गावं जेवली आन् चवथं गाव रुसलं. आशा हिशेबानं ऱ्हायली शेवटची अकरा गुंठं. ती बी दिली. त्याचं आलं बेचाळीस लाख.

घर चालत व्हतं ते रस्त्याकडंच्या धा खोल्यांवर. पत्र्याच्या खोल्या, त्यात कंपनीच्या गाड्यांवरचं डायवर आन् झाडलोटीची मानसं भाड्यानं ऱ्हायची. पन रस्ता रुंद व्हनार, खोल्या जानार, हे ठरलं व्हतं. कुनी म्हनं दीड वर्सात, कुनी म्हनं दोन. घरामागं जागा व्हती, तितं धा खोल्या नव्या बांधायच्या. ठेकेदार म्हनाला छत्तीस लाख लागतील. म्हंजी बेचाळिसातलं छत्तीस खोल्यांचं आन् सहा वरचं. एवढं साधं गनित. ते मला बी येत व्हतं.

तर असा एक दिवस बँकेतला अभिषेक नावाचा साहेब घरी आला. पंचवीस-सव्वीसचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला कंप्युटरची पिशवी. वाईट नव्हता. आदीच सांगतो, त्यानं मला फशिवलं न्हाई. ठकूमावशी तवा पडवीत बसली व्हती, आमच्या वाट्याचा बोकड इकून आल्यालं पैसं द्याला आली व्हती. साहेबानं कंप्युटर उघडला आन् म्हनाला, "सर, तुमच्यासाठी एक चांगला पर्याय आहे. इक्विटी फंड ऑफ फंड्स."

सर! मी मागं वळून बघितलं, कोन आलं म्हनून. मागं कमल, माजी बायकू, चहा घिऊन उभी व्हती. जल्मात मला कुनी सर म्हनालं नव्हतं. शाळंत गेलोच नव्हतो, तर दुसऱ्याला म्हनायची येळ बी आली नव्हती.

साहेब समजावून सांगायला लागला. साधा फंड लोकांचं पैसं गोळा करतो आन् कंपन्यांचं शेअर घेतो. पन ह्यो फंड सोता शेअर घेत न्हाई. ह्यो दुसरं चार-पाच फंड निवडतो आन् त्यांच्यात पैसं टाकतो. "म्हणजे सर, तज्ज्ञांवर अजून एक तज्ज्ञ."

मी मान हलवली. काय कळलं न्हाई की मी लई जोरात मान हलवतो.

ठकूमावशी पडवीतनं म्हनाली, "म्हंजी राखन्यावर राखन्या."

साहेब हसला. "हो आजी, तसंच."

"मंग दोघं खानार."

"म्हणजे?"

"खालचा राखन्या आपलं घेनार. वरचा त्याचं घेनार. का वरचा देवाचं नाव घिऊन राखतुया?"

साहेबानं कबूल केलं. दोन्हीकडं खर्च कापला जातो. वरच्याचा कमी असतो, आन् समदा मिळून किती घ्याचा त्याला हद्द हाय, पन जातो. वेगळा मागत न्हाईत, आतल्या आतच कापून घेत्यात.

"आन् वाढ झाली न्हाई तर?"

"तरी खर्च कापला जातो, आजी."

ठकूमावशीनं माज्याकडं बघितलं. "आमच्यात वाढ झाली तरच राखन्याच्या तोंडात पडतं. न्हाई झाली तर तो बी उपाशी."

मला लाज वाटली. तिची न्हाई, साहेबाची. म्हनालो, "मावशे, तुजं काम झालं आसंल तर..." ती हलली न्हाई. ती काय दारातनं उठवून उठनारी व्हती व्हय!

"वरचा राखन्या ह्ये खालचं राखनं निवडतो ते कुनातनं? समद्या गावातनं का आपल्या घरातनं?"

साहेबानं बोटानं कंप्युटर वर-खाली केला. "या फंडात बहुतेक आमच्याच कंपनीचे फंड आहेत."

"भावकी," ठकूमावशी म्हनाली.

कमल फसकन् हसली आन् कप घासायला मागल्या दारी गेली. साहेब बी हसला, पन त्याचं कान लाल झालं.

मंग तिनं इचारलं, पाच राखन्यांकडची शेरडं येगयेगळी हायत का तीच तीच. मला वाटलं, म्हातारीला येड लागलं. साहेब मातूर एकेक यादी उघडून बघायला लागला. बराच येळ बघत व्हता. मंग खरं ते बोलला. पाची फंडांत वरच्या वरच्या कंपन्या बऱ्याच त्याच हायत. मोठ्या बँका, मोठ्या कंपन्या, समद्यांकडंच असत्यात.

"म्हंजी राखनं पाच, पन रान एकच. बिबट्या आला तर पाची कळपात एकदमच."

"पण आजी, परतावा बघा ना," साहेब म्हनाला आन् त्यानं एक चितार दावलं. हिरवी रेघ डोंगर चढल्यागत वर गेलेली. गेली तीन वर्सं. मला लई आवडली ती रेघ. मी म्हनालो, "बगितलंस मावशे?"

तिनं बघितलं बी न्हाई. "ही पानी पाजल्यावरची हाय. आदीची दाव."

साहेबाला कळंना. मी त्याला सांगितलं, तिला काय म्हनायचंय ते, कारन घागर मी इकत घेतली व्हती. मंग त्यानं मागली वर्सं उघडली. एका वर्साला रेघ हिरीत पडल्यागत खाली गेली व्हती. टाकल्याल्या पैशातला तिसरा हिस्सा गेला, आन् परत वर यायला दोन वर्साच्या वर लागली व्हती.

"पण थांबले त्यांचं भरून निघालं, आजी. वर फायदाही झाला. म्हणून आम्ही सांगतो, पाच-सात वर्षं हात लावायचा नाही. आधी काढले तर कधीकधी दंड लागतो, आणि फायद्यावर कर असतोच."

"आन् एकच राखन्या आसल्यालं न्हाई का काय? वरचा नसल्यालं?"

"आहे की. स्वस्तही पडतं. पण मग कुठला घ्यायचा ते तुम्हाला निवडावं लागतं. यात ती कटकट नाही."

ठकूमावशीनं चंची काढली. पान लावलं. चुना बोटानं घासत म्हनाली, "वंगाळ न्हाई. ज्याला निवडता येत न्हाई त्यानं राखन्यावर राखन्या ठिवावा, त्याचं त्याला द्यावं. पोरगं बी खरं बोलतंय." मंग माज्याकडं वळली. "पन बबन्या, तुला थांबता येतंय का? तुज्या खोल्या दोन पावसाळ्यात जात्यात. खोल्यांचं छत्तीस बँकेत गप ठिव. व्याज कमी येऊं दे. वरलं सहा सोड ह्या रानात. मेलं तर सहाच मरतील, जगलं तर तुज्या नातवाला व्हतील. येळ ठरल्याला पैका रानात सोडू नये. दिवस भरल्याली गाभन शेळी कुनी रानात सोडतं व्हय?"

साहेब म्हनाला, "आजी बरोबर बोलतायत, सर."

आता हितं ध्यान द्या. साहेब सोता म्हनाला, आजी बरोबर बोलतायत.

दुसऱ्या आठवड्यात मी बँकेत गेलो. काचंचं दार, आत गार. मला खुर्ची दिली. पान्याची बाटली दिली, सील न फोडल्याली. समोर अभिषेक साहेब आन् त्याच्या शेजारी त्याचा मोठा साहेब. मोठ्या साहेबानं उठून हात मिळवला. "या सर, बसा सर." दोन सायेब आन् दोघं मला सर. माजी छाती इतकी फुगली की वरचं बटान तुटंल का काय असं वाटलं. मला बी कुनीतरी मीठ-पीठ चारलं व्हतं म्हना.

अभिषेक साहेबानं फारम काढला. "सर, सहा लाख ना? खोल्यांचे वेगळे ठेवणार होतात."

मोठा साहेब माज्याकडं बघत व्हता. सहा म्हनायला मला लाज वाटली. बेचाळीस लाखाचा धनी, आन् सहा!

मी म्हनालो, "समदंच टाका."

"पण सर, त्या आजी..."

मी म्हनालो, "त्या म्हातारीचं काय ऐकता साहेब. शेरडं राखती ती."

मोठा साहेब हसला. मी बी हसलो. अभिषेक साहेब हसला न्हाई. त्यानं फारमावर एका जागी बोट ठिवून सांगितलं, यात जोखीम जास्त आहे असं लिहिलंय, वाचून सही करा. मी वाचल्यागत केलं आन् माजं चितार काढलं.

संध्याकाळी ठकूमावशी शेरडं घिऊन परत येत व्हती. मला बघून थांबली.

"केलंस का रं?"

"व्हय. तू सांगितलं तसंच."

"छत्तीस बँकेत?"

"छत्तीस बँकेत."

ती म्हनाली, "शाना हायेस." आन् काठी आपटत गेली.

मला सर म्हनाल्यालं पैल्यांदाच, आन् शाना म्हनाल्यालं बी पैल्यांदाच. आठ-धा दिसांत दोन्ही झालं.

पैलं सा-सात महिनं रेघ वर जात व्हती. मोबाईलवर बघायला भाडेकरू डायवरनं शिकिवलं. मी दिसातनं धा येळा बघायचो. त्या थंडीत ठकूमावशीला ताप आला. दोन दिस ताप, तिसऱ्या दिशी छातीत कफ. पिरंगुटाच्या दवाखान्यात न्हेली, चवथ्या दिशी गेली. तिचा पोरगा म्हादू उरवड्याच्या कंपनीत कामाला. मी त्याच्या संगट समदं केलं. बांबू आनलं, गाडी सांगितली, मानसं जमवली. मानसं म्हनाली, बबन लई धीराचा. धीर कसला? मला काय वाटतच नव्हतं. हाताला मार लागला की आदी कळत न्हाई, तसं. मला वाटलं उद्या कळंल. मी वाट बघितली. उद्या बी कळलं न्हाई.

म्हादूची शिप्टची नोकरी, बायकूला शेरडं जमायची न्हाईत. त्यानं आमच्या वाट्याची शेरडं मोजून माज्या दारात बांधली. मी ती इकली. म्हादूनं त्याची महिना-दोन महिनं ठिवली, मंग त्यानं बी इकली.

उन्हाळ्यात रस्त्याची नोटीस आली. दीड वर्स न्हाई, दोन न्हाई, येका वर्साच्या आतच आली. भरपाई कागदावर हाय, ती कागदावरच हाय. तीन महिन्यात खोल्या खाली करायच्या. आन् त्याच टायमाला कुटं तरी लांब काय तरी झालं, बाजार पडला. मोबाईल बघतो तर रेघ हिरीकडं निघाल्याली. आज थांबंल, उद्या थांबंल. ठेकेदार दारात, भाडेकरू सामान बांधत्यात. मी अभिषेक साहेबाला फोन केला. तो म्हनाला, "सर, आत्ता काढू नका. थांबा, भरून येईल."

मी म्हनालो, "साहेब, मला थांबता येत न्हाई."

तो म्हनाला, "हो. आजी म्हणाल्या होत्या."

बेचाळिसाचं एकतीस हातात आलं. तवर सिमेट, लोखंड, मजुरी वाढल्याली. धाच्या जागी सात खोल्या झाल्या, आन् सातवीला अजून गिलावा न्हाई. तीन खोल्यांचं भाडं कमी म्हंजी घर चालंना. कमलनं टावरमधी सैपाकाचं काम धरलं. जिची मी जीप घेतली त्याच पैल्या जमिनीवर झाल्याला टावर. ती अकराव्या मजल्यावर चपात्या करती. पैल्या दिशी कामावरनं आली आन् चपला काढता काढता म्हनाली, "त्या शेरडंवालीच्या नादाला लागून घातलंत ना समदं त्यात?"

तिला वाटलं व्हतं, ठकूमावशीनंच समदं टाकाया सांगितलं. मीच तिला तसं सांगितलं व्हतं. आता खरं सांगायचं म्हंजी सांगायचं, की म्हातारी बरोबर व्हती आन् मी सर व्हाया गेलो.

मी म्हनालो, "व्हय."

येवढंच. एक सबुद. तो बी मोठ्यानं न्हाई.

मंग चहाच्या टपरीवर मानसं इचारायला लागली, "बबन्या, किती गेलं रं?" माजी सवय म्हंजी समदं हसण्यावारी न्ह्याचं. मी म्हनालो, "आपला मॅनेजर शेरडं राखत व्हता ना, मंग फंडानं बी लेंड्याच टाकल्या." टपरी हासून हासून लोळली. मी परत सांगितलं. आठवडाभर सांगितलं. जल्मभर मी समदं माज्याच अंगावर घिऊन सांगत आलो. जीप, लगीन, घागर. ह्यो एकच इनोद मी दुसऱ्यावर घातला, आन् ती ऐकायला नव्हती.

इनोद चालत चालत म्हादूपातुर गेला.

एका आयतवारी सकाळी तो आला. पडवीत बसला. कमल चपात्या लाटत व्हती, तिनं आतनंच पानी दिलं. म्हादूनं खिशातनं एक रुमाल काढला, सोडला. नोटा व्हत्या. पाचशेच्या.

"येक लाख चाळीस हायत, बबनदा. आयीच्या शेरडांचं आल्यालं."

"मंग मला कशाला दावतूस?"

"आयीच्या सांगन्यानं तुमचं पैसं गेलं म्हनत्यात गावात. अकरा लाख मला भरता यायचं न्हाई. पन राखन्याच्या चुकीनं गेलं तर राखन्यानं भरायचं. आयीनं कवा कुनाचं ठिवलं न्हाई. हे घ्या. बाकीचं मी म्हैन्याला थोडं थोडं..."

मी काय तरी इनोद करायला तोंड उघडलं. आतलं लाटनं थांबलं व्हतं.

मी म्हनालो, "म्हादू, बांध ते."

"न्हाई, तुमी घ्या."

"आरं बांध. तुजी आयी म्हनाली व्हती, छत्तीस बँकेत ठिव, सहा टाक. मी समदं टाकलं. सायेबानं इचारलं बी, त्या आजीचं काय. मी म्हनालो शेरडं राखती ती. आन् तिला सांगितलं, तुजं ऐकलं म्हनून. ती मला शाना म्हनून गेली."

मी कमलकडं बघितलं. ती दारात उभी, हाताला पीठ. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हनाली, "मी त्या बाईच्या नावानं रोज बोटं मोडली. जाताना बी आन् येताना बी. अकरा मजलं." आन् आत गेली. लाटनं परत सुरू झालं.

म्हादूनं रुमाल बांधला. गाठ मारली, सोडली, परत मारली.

"मंग आयी चुकली न्हाई."

"न्हाई."

"मंग हे टपरीवर कोन सांगनार?"

"मी सांगतो."

"आज?"

"चल, आत्ताच."

आमी दोघं गेलो. आयतवार म्हंजी टपरी भरल्याली. मी बाकड्याजवळ उभा ऱ्हायलो आन् सांगितलं. समदं सांगितलं. छत्तीस आन् सहा, खुर्ची, पान्याची बाटली, सर, मोठ्या साहेबापुढं सहा म्हनायची वाटल्याली लाज. म्हातारी बरोबर व्हती, मी खोटं बोललो, आन् ती मेल्यावर तिच्यावर ढकललं.

पैल्यांदा बाकड्यावरचा शिवा हसला. मंग समदी हसली.

"सर म्हनं! बबन्याला सर!"

"आरं काय येकेक काढतो ह्यो!"

मी म्हनालो, "हसू नगा रं. खरं सांगतुया."

तवा तर लईच हसली. यकाच्या नाकातनं चहा आला. शिवा माज्या पाठीवर थाप मारून म्हनाला, "बबन्या, म्हातारी मेल्याली, म्हादू पुढं उभा, म्हनून सोताच्या अंगावर घेतूस व्हय? मन मोठं हाय बाबा तुजं. पन लेंड्याचा इनोद चांगला व्हता, तोच सांग."

मी परत पैल्यापासनं सांगाया लागलो. त्यांनी परत हसायला सुरवात केली.

म्हादू हसला न्हाई. त्यानं चहाचं पैसं दिलं, त्याचं आन् माजं बी. मंग गाडीला किक मारली आन् शिप्टला उरवड्याला गेला.